वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकावरची दिनदर्शिका आणि भेटींची वही

गेल्या अंकात या सदरात जुन्या संगणकांच्या निगेविषयी लिहिताना मी एक वाक्य लिहिले होते की, ज्या संगणकावर आज नवे काहीही चालत नाही, त्यावरसुद्धा दिनदर्शिका आणि भेटींची नोंद उत्तम चालते, आणि त्यासाठी खिडक्या, चित्रे, माउस यांपैकी कशाचीही गरज नसते; काळ्या पडद्यावर एक आज्ञा टंकली की पुरे. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे बहुतेक सोलापूर शहरातून आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर मात्र ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकावयाची आहेत.

प्रश्न : आमच्या कारखान्यात मागावर नक्षी विणण्यासाठी लागणारी जकार्डची भोकांची कार्डे पंच करणारे यंत्र एका जुन्या ४८६ संगणकाला जोडलेले आहे. त्यावर डॉस ६.२२ ही आज्ञा टंकून चालवायची जुनी प्रणाली आहे. पंचिंगचे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर चालत नसल्याने तो बदलता येत नाही. सकाळी सर्वांत आधी हाच संगणक चालू होतो. तो चालू होताच त्या दिवसाची कामे, म्हणजे सुताच्या पेढीचे देणे, माल पाठवण्याची तारीख, गिऱ्हाइकाची भेट, पडद्यावर आपोआप दिसावीत अशी इच्छा आहे. इंटरनेट जोडायचे नाही आणि नवे काही विकत घ्यायचे नाही. हे शक्य आहे का?
— एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : शक्य आहे, आणि त्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू आपल्या संगणकात आधीपासूनच आहे. प्रथम ‘डायरी’ नावाची एक डिरेक्टरी करावी आणि तीत ‘एडिट’ आज्ञेने एक साधी मजकुराची फाइल तयार करावी. तिला चालू वर्षाचेच नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘२०२६.टीएक्सटी’. या फाइलीत प्रत्येक कामाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी तारीख, मग वेळ, मग काम, एवढाच नियम. तारीख मात्र आपल्या सवयीप्रमाणे न लिहिता ‘डेट’ ही आज्ञा पडद्यावर ज्या क्रमाने दाखवते त्याच क्रमाने लिहावी. बहुतेक संगणकांवर डॉसमध्ये महिना आधी असतो, म्हणजे १३ जानेवारी २०२६ हा दिवस ०१-१३-२०२६ असा दिसतो. हा क्रम आपल्याला परका वाटतो खरा, पण त्याचा एक फायदा आहे: महिना आधी असल्यामुळे ‘सॉर्ट’ आज्ञा दिली की वर्षभराच्या ओळी तारखेप्रमाणे आपोआप लागतात. दोन वर्षांच्या नोंदी एका फाइलीत ठेवल्या तर हा क्रम बिघडतो, म्हणूनच वर्षागणिक फाइल वेगळी ठेवण्यास सांगितले.

आता खरा प्रश्न असा की, आज कोणती तारीख आहे हे संगणकाने स्वतः ओळखून त्या तारखेच्या ओळी कशा शोधाव्यात. नंतरच्या विंडोजमध्ये तारीख एका चलात तयार मिळते, डॉस ६.२२ मध्ये ती सोय नाही. तरीही डॉसच्या जुन्या जाणकारांनी यावर एक युक्ती काढलेली आहे आणि ती मला आजही मनापासून आवडते. संगणक सुरू होताच आपोआप चालणाऱ्या ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या फाइलीच्या शेवटी, पंचिंगचे सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या ओळीच्या आधी, पुढील दोन ओळी घालाव्यात:

एको. | डेट | फाइंड "करंट" > सी:\डायरी\आज.बॅट
कॉल सी:\डायरी\आज.बॅट

पहिल्या ओळीत काय घडते ते पाहू. ‘डेट’ आज्ञा आजची तारीख दाखवते आणि नवी तारीख विचारून थांबते. ‘एको’ला चिकटून दिलेल्या टिंबामुळे एक रिकामी ओळ तयार होते आणि उभ्या रेघेतून ती ‘डेट’ला मिळते, म्हणजे आपण नुसते एंटर दाबल्यासारखे होते आणि तारीख न बदलता आज्ञा पूर्ण होते. ‘डेट’ने छापलेल्या मजकुरातून ‘फाइंड’ फक्त ‘करंट’ हा शब्द असलेली ओळ उचलते. या शब्दाचे पहिले अक्षर मोठे असले पाहिजे, कारण ‘फाइंड’ लहानमोठ्या अक्षरांत भेद करते. अशा रीतीने ‘आज.बॅट’ या फाइलीत एकच ओळ उतरते: ‘करंट डेट इज ट्यू ०१-१३-२०२६’. ही फाइल चालवली की डॉसला वाटते की ‘करंट’ नावाची एखादी आज्ञाच दिली आहे आणि पुढचे शब्द त्या आज्ञेला पुरवलेली माहिती आहे. म्हणून आपण ‘करंट.बॅट’ नावाची फाइल खरोखरच तयार करून ठेवायची. ती ‘पाथ’मध्ये, म्हणजे डॉस आज्ञा जेथे शोधतो त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत, असलेल्या एखाद्या डिरेक्टरीत असली पाहिजे, ‘डायरी’ डिरेक्टरीचाच ‘पाथ’मध्ये समावेश केला तरी चालेल. त्या फाइलीला पहिला शब्द ‘डेट’, दुसरा ‘इज’, तिसरा वार आणि चौथी तारीख असे चार तुकडे मिळतात. तारीख आपल्याला हवी होती ती चौथ्या जागी आयती आली. ‘करंट.बॅट’मध्ये मग एवढेच लिहावे:

@एको ऑफ
फाइंड "%४" < सी:\डायरी\२०२६.टीएक्सटी
फाइंड "*%३" < सी:\डायरी\वार.टीएक्सटी
पॉज

‘%४’ म्हणजे चौथा तुकडा आणि ‘%३’ म्हणजे तिसरा. दुसऱ्या ओळीने त्या दिवसाची कामे दिसतात. फाइलीच्या नावाआधी ते बाणासारखे चिन्ह दिले नाही तर ‘फाइंड’ आधी फाइलीचे नाव आडव्या रेघांसह छापते आणि पडदा उगाच भरतो. तिसरी ओळ दर आठवड्याच्या ठरलेल्या कामांसाठी आहे, ‘वार.टीएक्सटी’ या फाइलीत वाराच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरे लिहून पुढे काम लिहावे. वाराआधी तारांकन का, हे सांगणे आवश्यक आहे. तारांकन न देता केवळ तीन अक्षरे शोधली आणि सोमवारच्या ओळीत ‘सातारा पार्सल’ असे लिहिलेले असले, तर ती ओळ शनिवारीही दिसते, कारण शनिवारच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरे आणि सातारा या नावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरे एकच आहेत. म्हणून फाइलीत प्रत्येक वाराआधी तारांकन लिहावे आणि शोधतानाही तारांकनासह शोधावे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ‘फाइंड’ला ‘उद्या’ कळत नाही, कारण ती अक्षरे जुळवते, तारखांचे गणित करत नाही. पेढीचे देणे २० तारखेला असेल आणि त्याची आठवण १७ तारखेलाच हवी असेल, तर १७ तारखेची वेगळी ओळ हाताने लिहावी लागेल. दर महिन्याच्या ठराविक तारखेच्या कामासाठी बारा ओळी लिहाव्या लागतील. वर्षाच्या आरंभी एकदा अर्धा तास बसले की ते काम होते. आणखी एक गोष्ट: डॉसमध्ये उभ्या रेघेने मजकूर पुढे पाठवताना तो तात्पुरता डिस्कवर लिहिला जातो. डिस्क पूर्ण भरलेली असेल तर ही युक्ती चालणार नाही. डॉस ३.३ च्या आधीच्या आवृत्तीत ‘कॉल’ ही आज्ञा नाही, पण आपल्या ६.२२ मध्ये ती अडचण येणार नाही.

बाजारात अशा कामासाठी तयार कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, पुष्कळ होते आणि त्यांतील काही चांगलेही होते. तरीही मी साध्या मजकुराच्या फाइलीचा आग्रह धरतो, त्याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. एका तयार कार्यक्रमात मी अनेक वर्षांच्या भेटी, विम्याच्या तारखा, नातेवाइकांचे वाढदिवस साठवले होते. तो कार्यक्रम आपली माहिती स्वतःच्याच खुणांमध्ये लिहीत असे. ज्या दिवशी त्याची फ्लॉपी वाचता येईना, त्या दिवसापासून ती माहिती डिस्कवर असूनही मला वाचता आली नाही. साधी फाइल मात्र ‘टाइप’ आज्ञा असलेल्या कोणत्याही संगणकावर उघडते, आणि कागदावर छापून भिंतीला लावली तरी तिचा उपयोग होतो.

प्रश्न : माझ्याकडील जुना ३८६ रोज सकाळी १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवतो. मित्राकडच्या संगणकावर ४ जानेवारी १९८० दिसते. असा तीन दिवसांचा फरक का?
— एक वाचक, विजापूर वेस

प्रश्न : दुकानातला संगणक शनिवारी संध्याकाळी चालूच राहिला. सोमवारी सकाळी त्यावर रविवारची तारीख होती. घड्याळ मात्र बरोबर होते. संगणक बिघडला आहे का?
— एक औषधविक्रेते, नवी पेठ

उत्तर : दोन्ही प्रश्न घड्याळाचे आहेत, म्हणून एकत्र घेतले. दिनदर्शिकेचा कार्यक्रम कितीही चांगला असला तरी तो संगणकाने सांगितलेल्या तारखेवर विसंबतो.

१९८१ च्या मूळ आयबीएम पीसीमध्ये बंद असतानाही चालणारे घड्याळ नव्हते. संगणक सुरू केला की डॉस तारीख आणि वेळ विचारत असे, आणि नुसते एंटर दाबले तर १ जानेवारी १९८० धरून चालत असे, कारण डॉसची कालगणनाच त्या दिवशी सुरू होते. १९८४ च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आणि तिच्यासाठी बॅटरी आली, आणि २८६, ३८६, ४८६ यांनी तीच पद्धत पुढे चालवली. विजापूर वेशीतील वाचकांच्या संगणकाला १ जानेवारी १९८० दिसते याचा अर्थ ती बॅटरी संपली आहे. त्यांच्या मित्राच्या संगणकाचा दोष निराळा आहे. काही जुन्या यंत्रांमध्ये ३१ डिसेंबर १९९९ नंतर वर्षाचे शेवटचे दोन अंक ०० झाले, पण शतकाचे १९ तसेच राहिले. यंत्राला वाटले की १९०० साल आले. १९८० च्या आधीचे वर्ष डॉसला ठाऊकच नसल्यामुळे अशा यंत्रावर ४ जानेवारी १९८० ही तारीख दिसू लागली. तेथे बहुधा ‘डेट’ आज्ञेने एकदा योग्य तारीख द्यावी लागते आणि पुष्कळ यंत्रे त्यानंतर नीट चालतात.

बॅटरी बदलण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. संगणक सुरू होताना सेटअपमध्ये जाऊन हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत, कारण बॅटरी काढली की तेही पुसले जातात आणि आकडे माहीत नसतील तर चांगली डिस्कही सापडत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २८६ ते ४८६ च्या काळातील अनेक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची ३.६ व्होल्टची नळीसारखी बॅटरी थेट झाळलेली असे. ती जुनी झाली की पाझरते आणि तिच्यातील क्षार तांब्याच्या रेषा खातो. माझ्या स्वतःच्या ३८६ मध्ये बॅटरी कीबोर्डच्या सॉकेटशेजारी होती. झाकण उघडले तेव्हा सॉकेटभोवती निळसर हिरवी पूड साचली होती, आणि टाचणी लावून पाहिली तर दोन रेषा अलगद उचलल्या गेल्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीत पडून राहिलेल्या संगणकाची तर अधिकच काळजी घ्यावी. अशी बॅटरी दिसली की संगणक चालू असो वा नसो, ती आजच काढून टाकावी. पाझरलेली जागा व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने हलकेच पुसावी, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावी. त्या जागी लिथियमचा चपटा सेल लावायचा असेल तर मध्ये डायोड घातल्याशिवाय लावू नये. जुना बोर्ड बॅटरीला चार्ज करू पाहतो आणि हा सेल चार्ज करण्यासाठी नसतो. हे काम झाळकाम जाणणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

नवी पेठेतील वाचकांचा संगणक बिघडलेला नाही. चालू असलेला डॉस दर वेळी घड्याळाच्या चिपकडे पाहत नाही. तो सेकंदाला सुमारे १८.२ वेळा पडणारे ठोके मोजून वेळ ठेवतो. मध्यरात्र झाली की ‘मध्यरात्र झाली’ अशी एक खूण ठेवली जाते आणि पुढच्या वेळी कोणी वेळ विचारली की तारीख एका दिवसाने पुढे जाते. ही केवळ खूण आहे, मोजणी नाही. शनिवारची आणि रविवारची अशा दोन मध्यरात्री कोणत्याही कार्यक्रमाने वेळ न विचारता गेल्या, तर दोन दिवसांऐवजी एकच दिवस पुढे जातो. चिपमधील तारीख बरोबर असते, म्हणून संगणक बंद करून सुरू केला की सर्व ठीक होते. शनिवारी दुकान बंद करताना तो बंद करावा हेच उत्तम.

प्रश्न : अशा कार्यक्रमात एकादशी, चतुर्थी आणि गड्ड्याची यात्रा आपोआप यावी असे वाटते. तिथीचे सूत्र घालता येईल का?
— एक निवृत्त शिक्षिका, रेल्वे लाइन्स

उत्तर : आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण दिनदर्शिकेचे हे कार्यक्रम बहुतेक परदेशात लिहिले गेले आणि त्यांना नाताळ ठाऊक असतो, आषाढी नाही. इंग्रजी तारीख ही केवळ दिवसांची मोजणी आहे, म्हणून ती चार ओळींच्या सूत्राने निघते. तिथी तशी नाही. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते. दोघांची गती सारखी राहत नसल्याने तिथी कधी १९ तासांच्या आसपास संपते तर कधी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला कोणती तिथी आहे त्यावर दिवसाची तिथी ठरते, आणि सूर्योदय गावागणिक बदलतो. शिवाय अधिक मास आहे. आषाढी एकादशी २०२३ साली २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला, आणि २०२६ साली २५ जुलैला आहे. एका वर्षी ती ११ दिवस मागे येते आणि मध्ये अधिक मास आला की १८-१९ दिवस पुढे उडी घेते. ‘रिमाइंड’सारखा आठवणी करून देणारा कार्यक्रम चंद्राच्या कला आणि सूर्योदय काढून देतो, पण तिथी आणि व्रतांचे नियम त्याच्या आवाक्यातले नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की, सूत्राच्या मागे लागू नये. दाते पंचांग आपल्या सोलापूरचेच आहे; पाडव्याच्या सुमारास पंचांग घरी आले की त्यातून वर्षाच्या २४ किंवा २६ एकादशा, संकष्टी आणि आपल्या घरचे सण पाहून ‘सण.टीएक्सटी’ अशा एका फाइलीत इंग्रजी तारखांसह लिहून काढावेत. दोघांनी बसावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने टंकावे, म्हणजे चूक होत नाही. ही फाइल फ्लॉपीवर किंवा पेन ड्राइव्हवर घालून शेजाऱ्यांनाही देता येते.

गड्ड्याच्या यात्रेचे तसे नाही. सिद्धेश्वरांची यात्रा मकर संक्रांतीच्या सुमारास भरते आणि संक्रांत सूर्यावर अवलंबून आहे, त्यामुळे तारीख फारशी हलत नाही. १४ जानेवारी किंवा १५ जानेवारी. तीही कायमची स्थिर नाही. सूर्याला त्याच नक्षत्रापाशी परत येण्यास लागणारा काळ इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठा असल्याने संक्रांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा दिवस दर वर्षी पंचांगातून खात्री करूनच लिहावा.

सूत्राने काढता येईल असे एक भारतीय कॅलेंडर मात्र आहे. २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत १ चैत्र हा नेहमी २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला येतो. पण त्या चैत्राचा आणि पाडव्याच्या चैत्राचा मेळ बसत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

प्रश्न : महाविद्यालयात सी भाषा शिकत आहे. महिन्याचे पान छापणारा छोटा कार्यक्रम लिहायचा आहे. तारखेवरून वार कसा काढतात?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : ख्रिस्तियन झेलर या जर्मन गणितज्ञाने १८८० च्या दशकात दिलेले सूत्र यासाठी पुरेसे आहे. त्यात जानेवारी आणि फेब्रुवारी हे मागील वर्षाचे १३ वा आणि १४ वा महिने धरतात, म्हणजे लीप वर्षाचा जादा दिवस वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि त्याचा त्रास होत नाही. सोलापूरच्या प्रत्येकाला ठाऊक असलेली तारीख घेऊ: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली तो १२ जानेवारी १९३१. जानेवारी असल्यामुळे महिना १३ आणि वर्ष १९३० धरावे. तारीख १२. महिन्यात १ मिळवून १३ ने गुणावे आणि ५ ने भागावे: १४ गुणिले १३ म्हणजे १८२, त्याचा पाचवा भाग ३६, अपूर्णांक सोडून द्यावा. वर्षाचे शेवटचे दोन अंक ३०, त्यांचा चौथा भाग ७. शतक १९, त्याचा चौथा भाग ४, आणि शतकाची पाचपट ९५. सर्वांची बेरीज १८४. सातने भागल्यावर बाकी उरते २. शनिवार ०, रविवार १, सोमवार २ असे मोजतात, म्हणून तो दिवस सोमवार होता.

काही पुस्तकांत शतकाची पाचपट मिळवण्याऐवजी दुप्पट वजा करायला सांगितलेली असते. गणित दोन्हीचे एकच, पण सी भाषेत ऋण संख्येची बाकीही ऋण येते आणि काही तारखांना वार चुकतो. म्हणून पाचपटच वापरा. आपला कार्यक्रम तयार झाला की त्याची तुलना युनिक्समधील ‘कॅल’ या आज्ञेशी करा. तिला सप्टेंबर १७५२ चे पान मागितले तर २ तारखेनंतर थेट १४ तारीख दिसते. ती चूक नाही. ब्रिटनने त्या महिन्यात ११ दिवस गाळून नवी कालगणना स्वीकारली होती. झेलरच्या वरील सूत्राला ही गोष्ट ठाऊक नसते, म्हणून त्याआधीच्या तारखांसाठी ते ब्रिटिश नोंदींशी जुळणार नाही.

प्रश्न : भेटीच्या वेळी संगणकाने घंटी वाजवावी, असे करता येते का?
— एक वकील, सात रस्ता

उत्तर : आज्ञेने चालणारा कार्यक्रम आपले काम करून निघून जातो आणि डॉस एका वेळी एकच कार्यक्रम चालवतो, म्हणून साडेचार वाजता घंटी वाजवण्यासाठी कोणीतरी स्मरणात मुक्काम ठोकून बसावे लागते. असे निवासी कार्यक्रम होते. १९८४ साली आलेला बोरलँडचा ‘साइडकिक’ त्यांत सर्वांत गाजला. पण ते ६४० किलोबाइटच्या मर्यादित जागेतूनच जागा घेतात. लिखाणाच्या संगणकावर त्यास हरकत नाही. ज्या संगणकाला एखादे यंत्र जोडलेले आहे तेथे मात्र असा कार्यक्रम मुळीच ठेवू नये, कारण ठोक्यांच्या मध्ये त्याने हात घातला तर यंत्राचे काम चुकू शकते. न्यायालयाच्या तारखांसाठी सकाळी दिसणारी यादीच बरी.

प्रश्न : नोंदी मराठीत लिहिता येतील का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नुसत्या डॉसवर देवनागरी दिसत नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेचे, भारतीय लिप्या दाखवणारे जिस्ट कार्ड बसवलेले असेल तर दिसते आणि त्या काळी अनेक कार्यालयांत ते होते. त्यावर लिहिलेला मजकूर इस्की या भारतीय मानकाप्रमाणे साठवला जातो, ज्याचा क्रमांक आयएस १३१९४ : १९९१ आहे. कार्ड नसलेल्या संगणकावर तीच फाइल रेघा आणि ग्रीक अक्षरांनी भरलेली दिसते. ‘फाइंड’ मात्र दोन्हीकडे चालते, कारण ती केवळ खुणा जुळवते. कार्ड नसेल तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावे.

प्रश्न : माझ्या जुन्या पेंटियमवर ३२-बिट लिनक्स आहे. डॉसच्या युक्तीऐवजी त्यावर काय वापरावे? घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०४० मध्ये आहे. तो आजच नोंदवून ठेवला तर चालेल का?
— एक बँक कर्मचारी, अशोक चौक

उत्तर : लिनक्सवर आपली स्थिती पुष्कळच बरी आहे. १९७९ च्या सातव्या युनिक्सपासून ‘कॅलेंडर’ नावाची आज्ञा आहे. ‘कॅलेंडर’ याच नावाच्या साध्या फाइलीतून ती आजच्या आणि उद्याच्या ओळी काढून दाखवते. तारीख आणि मजकूर यांमध्ये टॅब असावा लागतो, रिकामी जागा चालत नाही, आणि बहुतेकांची पहिली अडचण तेथेच होते. शुक्रवारी ती सोमवारपर्यंतच्या ओळी दाखवते, म्हणजे शनिवार-रविवार सुटी असे गृहीत धरते. बँकेत आपला दुसरा आणि चौथाच शनिवार सुटीचा असतो, त्यामुळे ती सोय आपल्याला अर्धीच उपयोगी पडेल.

म्हणून मी डायान स्कॉल यांनी लिहिलेला ‘रिमाइंड’ सुचवतो. त्याच्या जुन्या आवृत्त्या डॉसवरही चालत असत. त्याची फाइलही साधा मजकूरच असते, पण तिच्यात तारखांचे गणित लिहिता येते: तीन दिवस आधीपासून आठवण करून दे, सुटीचे दिवस वगळून मोज, महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस शोध. महिन्याचा शेवट २८, २९, ३० की ३१ याची चिंता तो एका सोप्या विचाराने मिटवतो: पुढील महिन्याची १ तारीख घ्यायची आणि एक दिवस मागे यायचे. हप्त्याच्या आणि व्याजाच्या तारखा ज्यांना रोज पाहाव्या लागतात त्यांनी हे एकदा शिकून घ्यावे. पहिल्या दिवशी एक तास जातो, नंतर नाही.

२०४० ची ओळ आपण आजच लिहू शकता. ती ओळ म्हणजे केवळ अक्षरे आणि अंक आहेत, त्यांना काही होत नाही. अडचण येईल ती ‘आज कोणती तारीख’ या प्रश्नाला. जुन्या ३२-बिट युनिक्स आणि लिनक्समध्ये वेळ ही १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांची मोजणी असते, आणि १९ जानेवारी २०३८ या दिवशी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती मोजणी आपल्या कमाल मर्यादेला पोचते. त्यानंतरचा सेकंद अशा संगणकाला डिसेंबर १९०१ मधला वाटेल. तो मंगळवार असेल, आणि त्या सकाळी अक्कलकोट रोडवरचा तो डॉसचा ४८६ चालू असेल तर त्याला काहीच जाणवणार नाही, कारण डॉसची ‘डेट’ आज्ञा २०९९ पर्यंतच्या तारखा स्वीकारते.